‘ऑफ माइस अँड मेन’ : दहा एकरांचे स्वप्न आणि एकटेपणाची उतरंड

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सलिनास नदीच्या खोऱ्यात सोलेदाद नावाचे एक छोटे गाव आहे. ‘सोलेदाद’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ एकाकीपणा. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी १७९१ मध्ये येथे मिशन स्थापन केले, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे. जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरिका याच गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर, नदीकाठच्या झाडीत सुरू होते आणि तेथेच संपते. फेब्रुवारी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जेमतेम शंभर पानांचे. त्यात युद्ध नाही, मोठा प्रवास नाही, कोणी थोर पुरुषही नाही. दोन भटके शेतमजूर एका रँचवर कामाला येतात आणि चौथ्या दिवशी त्यांतला एक मरण पावतो, एवढीच त्याची कथा. तरीही जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या गेलेल्या विसाव्या शतकातील अमेरिकी पुस्तकांत त्याची गणना होते.

या कादंबरिकेविषयी लिहिताना एकटेपणा, भेदभाव आणि स्वप्न असे तीन विषय वेगवेगळे मांडण्याचा प्रघात आहे. परंतु स्टाइनबेक यांनी ते वेगळे ठेवलेले नाहीत. त्यांच्या रँचवरील माणसे एकटी आहेत ती स्वभावामुळे नव्हे. कामाची रीत आणि माणसामाणसांत आखलेल्या रेषा त्यांना एकटी पाडतात. त्या रेषा ओलांडण्याची ताकद या पुस्तकात फक्त एका गोष्टीत आहे, ती म्हणजे वाटून घेतलेले स्वप्न.

चार दिवसांची कथा

जॉर्ज मिल्टन हा चणीने लहान, चलाख आणि चिडखोर. लेनी स्मॉल हा धिप्पाड, अचाट ताकदीचा, पण बुद्धीने लहान मुलासारखा. लेनीला सांभाळणारी क्लारा मावशी वारल्यानंतर जॉर्जने त्याला आपल्याबरोबर घेतले आहे. मऊ वस्तूंना हात लावण्याचा लेनीला नाद आहे. उत्तरेकडील वीड या गावी एका मुलीचा लाल झगा त्याने कुरवाळण्यासाठी धरला. ती घाबरून ओरडू लागली, तसा गोंधळून जाऊन त्याने तो सोडलाच नाही. लोक मागे लागले आणि दोघांना पळ काढावा लागला. गुरुवारी संध्याकाळी ते नदीकाठी मुक्काम करतात आणि शुक्रवारी सकाळी बार्ली पिकवणाऱ्या रँचवर हजर होतात.

रँचवर मालकाचा मुलगा कर्ली आहे. तो मुष्टियुद्ध खेळलेला आणि उंच माणसांचा द्वेष करणारा. त्याचे लग्न होऊन दोनच आठवडे झाले आहेत. एक हात गमावलेला कँडी हा वृद्ध गडी झाडलोट करतो. पागेतील कामासाठी क्रुक्स हा पाठीने वाकलेला कृष्णवर्णीय माणूस आहे. खेचरांच्या लांबलचक जोड्या हाकणारा स्लिम हा सर्वांना आदरणीय वाटणारा गडी. कार्लसन, व्हिट अशी आणखीही काही माणसे आहेत. कर्ली विनाकारण लेनीवर हात टाकतो, तेव्हा जॉर्जने सांगितल्यावर लेनी त्याची मूठ धरतो आणि हाताचा चुराडा होतो. रविवारी दुपारी गवताच्या कोठारात कर्लीची पत्नी लेनीशी बोलत बसते आणि त्याला आपले केस कुरवाळू देते. ती ओरडताच घाबरलेल्या लेनीच्या हातून तिची मान मोडते. कर्ली जमाव घेऊन लेनीच्या शोधात निघतो. जॉर्ज त्याच्या आधी नदीकाठी पोहोचतो, लेनीला त्यांच्या भावी घराची गोष्ट सांगत राहतो आणि मागून गोळी झाडून त्याचा शेवट करतो.

काउबॉय नव्हे, मजूर

घोडा, दोर आणि मोकळे माळरान यांच्याशी जोडलेली रँचची प्रतिमा अमेरिकी साहित्यात रुजवण्यात ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ या १९०२ मधील कादंबरीचा मोठा वाटा होता. त्या परंपरेतील काउबॉय एकटा असतो, पण त्याचे एकटेपण हे त्याचे वैभव असते. योगायोग असा, की त्याच वर्षी, २७ फेब्रुवारी १९०२ रोजी, सलिनास येथे स्टाइनबेक यांचा जन्म झाला. त्यांनी दाखवलेला रँचवरील माणूस मात्र अगदी वेगळा आहे. पाठीवर वळकटी टाकून तो एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातो. महिनाभर धान्याची पोती उचलतो, मिळालेले पैसे शनिवारी रात्री गावात उधळतो आणि पुन्हा रस्त्याला लागतो. त्याचे एकटेपण हे वैभव नाही, ती त्याच्या धंद्याची अट आहे.

स्टाइनबेक हे जग जवळून ओळखत होते. त्यांचे वडील मॉन्टेरे काउंटीचे खजिनदार होते, आई पूर्वी शिक्षिका होती. घर मध्यमवर्गीय होते. तरी विद्यार्थिदशेत त्यांनी स्प्रेकल्स या साखर कंपनीच्या शेतांवर मजुरी केली. १९१९ ते १९२५ या काळात ते अधूनमधून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. आपण स्वतः असा भटका मजूर होतो आणि लेनी हा प्रत्यक्षातला माणूस आहे, असे त्यांनी १९३७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले होते. त्यांच्या सांगण्यानुसार त्या माणसाने एका मुकादमाला गवत उचलण्याच्या दाताळ्याने मारले होते आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली होती.

१९३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या दैनिकासाठी ‘द हार्वेस्ट जिप्सीज’ ही सात लेखांची मालिका लिहिली. कॅलिफोर्नियाच्या शेतीला मजूर हवे असतात, पण ते तेथे वस्ती करून राहिलेले नको असतात, हा त्या मालिकेचा गाभा होता. पीक तयार झाले की माणसे बोलवायची आणि काम संपले की त्यांना पुढे हाकलायचे. कादंबरिकेतील मालक जॉर्जकडे संशयाने पाहतो, त्याचे कारण या रीतीत आहे. दोन मजूर एकत्र हिंडतात, एक दुसऱ्याची काळजी घेतो, हे त्याला पटतच नाही. जॉर्ज लेनीची मजुरी लाटत असणार, असेच त्याला वाटते. सोबत ही तेथे संशयास्पद गोष्ट आहे.

कायदाही या माणसांच्या बाजूने नव्हता. रूझवेल्ट सरकारच्या काळात १९३५ मध्ये अमेरिकेत दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने कामगारांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला, दुसऱ्याने म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाची सोय केली. शेतमजुरांना या दोन्ही कायद्यांतून वगळण्यात आले होते. आपण निकामी झालो की आपल्याला हाकलून देतील, ही कँडीची भीती म्हणूनच काल्पनिक नाही.

एकटेपणाची उतरंड

रँचवर माणसांची एक उतरंड आहे. सर्वांत वर मालक आणि त्याचा मुलगा. खाली गोरे मजूर. त्यांच्या खाली थकलेला कँडी, बुद्धीने मंद लेनी, नाव नसलेली एक स्त्री आणि कृष्णवर्णीय क्रुक्स. स्टाइनबेक यांचे मर्मग्राही निरीक्षण असे, की उतरंडीतला प्रत्येक जण वरच्याचा मार खातो आणि आपल्या खाली कोणी सापडते का ते शोधतो.

क्रुक्सला बराकीत प्रवेश नाही. पागेला लागून असलेल्या खोगीर-लगामांच्या खोलीत तो राहतो. गोऱ्या मजुरांची सारी मालमत्ता वळकटीत मावते. क्रुक्सकडे मात्र वस्तू साठल्या आहेत, कारण अपंग असल्याने तो कायमचा नोकर आहे. त्याच्याकडे पुस्तके आहेत, जीर्ण शब्दकोश आहे आणि कॅलिफोर्नियाच्या नागरी कायद्याची १९०५ ची एक फाटकी प्रतही आहे. ज्या कायद्याचे संरक्षण त्याला कधी मिळाले नाही, त्याचे पुस्तक त्याने उशाशी जपून ठेवले आहे. हा एक तपशील वर्णभेदाविषयी पानेच्या पाने सांगून जातो. सोलेदादमध्ये त्याच्या वर्णाचे एकच कुटुंब आहे. त्याचे लहानपण वडिलांच्या कोंबड्या पाळण्याच्या दहाएक एकर जागेत गेले. गोरी मुले तेव्हा त्याच्याशी खेळायला येत. वडिलांना ते का आवडत नव्हते, हे त्याला मोठेपणी कळले.

शनिवारी रात्री इतर मजूर गावात गेले असताना लेनी त्याच्या खोलीत येतो. आधी क्रुक्स त्याला हाकलू पाहतो. मग त्याच्या लक्षात येते, की या माणसाला आपण काहीही बोलू शकतो. जॉर्ज परत आलाच नाही तर काय, असे विचारून तो लेनीला छळतो. जन्मभर छळ सोसलेल्या माणसाला प्रथमच कोणीतरी आपल्याहून दुबळा सापडला आहे. लेनी संतापून उठतो, तेव्हा क्रुक्स भानावर येतो आणि आपण स्वतःविषयीच बोलत होतो, हे कबूल करतो. सोबतीला कोणी नसले की माणसाला आपण पाहिलेले खरे की खोटे तेही कळेनासे होते, असे त्याच्या बोलण्याचे सार आहे.

थोड्या वेळाने कँडी येतो आणि काही क्षण तो अंधारा कोपरा उजळतो. नंतर कर्लीची पत्नी दारात उभी राहते. तिलाही बोलायला कोणी नाही. नवरा संशयी, मजूर तिला टाळणारे. सिनेमात जाण्याचे तिचे स्वप्न होते. कोणीतरी पत्र पाठवण्याचे आश्वासन दिले होते, ते आईने लपवले असे समजून तिने घर सोडण्यासाठी कर्लीशी लग्न केले. ती हिणवू लागते, तेव्हा क्रुक्स तिला खोलीबाहेर जायला सांगतो. ती त्याला एकाच वाक्यात गप्प करते. आपण एक शब्द बोललो तर तुला झाडाला टांगतील, अशी ती धमकी असते. क्रुक्स पुन्हा भिंतीशी सरकतो, जणू तेथे नसल्यासारखा होतो.

ही धमकी पोकळ नव्हती. सलिनासच्या उत्तरेस असलेल्या सॅन होजे शहरात नोव्हेंबर १९३३ मध्ये जमावाने तुरुंग फोडून खुनाच्या आरोपातील दोन गोऱ्या कैद्यांना बागेतील झाडांना फाशी दिले आणि राज्याच्या गव्हर्नरने त्या कृत्याचे उघड समर्थन केले. त्या घटनेवरून स्टाइनबेक यांनी एक लघुकथा लिहिली, मात्र कथेतला बळी त्यांनी कृष्णवर्णीय केला. ती १९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात ‘द लोनसम व्हिजिलंटी’, म्हणजे ‘एकटा पडलेला स्वयंघोषित रक्षक’, या नावाने आली. फाशी देणाऱ्या जमावात सामील झालेला माणूस जमाव पांगल्यावर विलक्षण रिता होतो, हा त्या कथेचा विषय. एकटेपणा फक्त बळींच्या वाट्याला येत नाही. द्वेषाच्या गर्दीत माणसे सोबत शोधायला जातात आणि अधिकच एकटी होऊन परततात, हे स्टाइनबेक यांनी कादंबरिकेच्या आधीच ओळखले होते.

सहाशे डॉलरचा हिशेब

जॉर्ज आणि लेनीचे स्वप्न मोठे नाही. दहा एकर जमीन, छोटे घर, पवनचक्की, काही फळझाडे, कोंबड्या, डुकरे आणि लेनीसाठी ससे. सशांना घालण्यासाठी लसूणघासाचा तुकडा. लेनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मागतो आणि जॉर्ज लहान मुलाला झोपवताना सांगावी तशी ती सांगतो. सुरुवातीला त्याचाही तिच्यावर पूर्ण विश्वास नसतो.

तिसऱ्या प्रकरणात कँडी हे बोलणे ऐकतो आणि सारे बदलते. जॉर्जच्या माहितीत तशी एक जागा खरोखरच आहे. तिच्या वृद्ध मालकांचे दिवाळे निघाले आहे आणि म्हातारीला शस्त्रक्रियेची गरज आहे. किंमत सहाशे डॉलर. कँडीला हाताची भरपाई म्हणून अडीचशे डॉलर मिळाले होते. त्याने पन्नास शिल्लक टाकले आहेत आणि महिनाअखेर आणखी पन्नास मिळणार आहेत. जॉर्ज आणि लेनी यांची महिन्याची मजुरी, खाऊन-पिऊन, प्रत्येकी पन्नास. काही खर्च केले नाही तर तिघांचे मिळून साडेचारशे होतात. उरलेले दीडशे काम करून फेडता येतील.

या हिशेबाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. जॉर्ज आणि लेनी दोघेच असते तर सहाशे डॉलर कधीच जमले नसते. कँडी एकटा असता तर त्याचे तीनशे डॉलर म्हातारपणात हळूहळू संपले असते. एकत्र आल्यावर मात्र ते महिनाभराच्या अंतरावर येऊन ठेपतात. गडी आपला हात गमावतो तेव्हा त्याची जी किंमत मिळते, तीच त्याच्या स्वातंत्र्याचे भांडवल ठरते, ही यातली कडवट बाजू. पण स्वप्न कागदावर उतरते ते वाटून घेतल्यामुळे, हे निर्विवाद आहे. वर्णभेदामुळे सगळ्यांपासून तुटलेला क्रुक्सदेखील हे आकडे ऐकून विरघळतो. अशी स्वप्ने पाहणारी शेकडो माणसे आपण पाहिली, त्यांतल्या एकालाही जमीन मिळाली नाही, असे आधी म्हणणारा हा माणूस बिनपगारी, केवळ पोटावर काम करायला आपण येऊ, असे सुचवून जातो. कर्लीच्या पत्नीची धमकी ऐकल्यानंतर तो ते मागे घेतो. भेदभाव स्वप्नाचा गळा कसा घोटतो, याचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

जमिनीचे हे स्वप्न पाहण्याची मुभाही त्या कॅलिफोर्नियात सर्वांना नव्हती, हे भारतीय वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परदेशीयांना शेतजमिनीची मालकी नाकारणारा कायदा राज्याने १९१३ मध्ये केला. त्याचा रोख मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना गोरे मानण्यास आणि पर्यायाने नागरिकत्वास पात्र मानण्यास नकार दिला. त्यामुळे तेथील शेतांवर राबणारे पंजाबी मजूर आणि खंडकरीही जमिनीच्या हक्कास मुकले. भारतीयांना नागरिकत्वाचे दार १९४६ मध्ये उघडले आणि जमिनीचा तो कायदा १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. स्टाइनबेक यांच्या रँचवर हे मजूर दिसत नाहीत. मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूरही दिसत नाहीत. खोऱ्यातील शेतीचा फार मोठा भार ज्यांनी वाहिला, त्यांची ही अनुपस्थिती पुस्तकाची मर्यादा मानावी लागेल.

म्हातारा कुत्रा, म्हातारा घोडा

शेवटाची तयारी स्टाइनबेक फार आधीपासून करतात. कँडीजवळ त्याने पिल्लापासून वाढवलेला एक मेंढपाळी कुत्रा आहे. आता तो आंधळा, सांधे धरलेला आणि वास मारणारा झाला आहे. कार्लसनला बराकीत तो नकोसा होतो. स्लिमही मान डोलावतो आणि कार्लसन कुत्र्याला बाहेर नेऊन गोळी घालतो. गोळीचा आवाज येईपर्यंत बराकीत पसरलेली शांतता हा या पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. आपल्या कुत्र्याला आपणच मारायला हवे होते, परक्याला मारू द्यायला नको होते, असे कँडी नंतर जॉर्जजवळ बोलतो. जॉर्ज ते विसरत नाही. लेनीवर झाडलेले पिस्तूलही कार्लसनचेच असते.

जॉर्जने केले ते दयेपोटी, की जमावापुढे हार मानून, हा वाद आजही वर्गावर्गांत होतो. पुस्तक निवाडा देत नाही. एवढेच दाखवते, की त्या व्यवस्थेत जॉर्जसमोर जमावाची क्रूर फाशी किंवा कोंडवाडा हेच दुसरे पर्याय होते. स्लिमला त्याचे दुःख कळते, कार्लसनला कळत नाही. लेनी आता वाचणार नाही हे कळते, तेव्हा कँडीचे पैसे आणि ती जमीन दोन्ही जागच्या जागी असतात. तरी जॉर्ज इतर मजुरांसारखाच महिनाभर राबून पगार उधळण्याची भाषा करतो. सहाशे डॉलरपेक्षा मोठी अडचण आता निर्माण झालेली असते. ज्याला ती गोष्ट सांगायची, तोच उरणार नसतो.

निकामी झालेल्याचे काय करायचे, हा प्रश्न स्टाइनबेक यांनी याआधी ‘द रेड पोनी’ या कथामालिकेतही विचारला होता. तिच्यातील १९३३ मध्ये छापलेल्या ‘द ग्रेट माउंटन्स’ या कथेत गितानो नावाचा एक वृद्ध आपण जन्मलो त्या रँचवर मरण्यासाठी परत येतो. मालक त्याला ठेवून घेत नाही आणि त्याची तुलना तीस वर्षांच्या थकलेल्या घोड्याशी करतो. सकाळी गितानो तोच घोडा घेऊन डोंगराकडे निघून गेलेला असतो. कँडीचा कुत्रा आणि गितानोचा घोडा ही एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत.

रंगभूमीसाठी बांधलेली कादंबरिका

संवाद आणि प्रवेश यांवर उभी असलेली ही रचना वाचताही यावी आणि जशीच्या तशी रंगमंचावर करताही यावी, असा लेखकाचा प्रयोग होता. सहा प्रकरणे, चार ठिकाणे: नदीकाठ, बराक, क्रुक्सची खोली, कोठार आणि पुन्हा नदीकाठ. सुरुवातीला पुस्तकाचे नाव ‘समथिंग दॅट हॅपन्ड’, म्हणजे ‘घडून गेलेले काहीतरी’, असे होते. दोष कोणाचा हे न सांगता घडले तेवढे सांगायचे, हा त्यामागचा दृष्टिकोन. पुढे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या १७८५ मधील कवितेवरून आजचे नाव आले. नांगराखाली बीळ उद्ध्वस्त झालेल्या उंदराला उद्देशून ती लिहिलेली आहे. उंदरांचे काय नि माणसांचे काय, बेत फसतातच, हा तिचा आशय. १९३६ मध्ये स्टाइनबेक यांच्या टोबी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाने हस्तलिखिताचा निम्मा भाग फाडून टाकला आणि सुमारे दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले.

‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने निवड केल्यामुळे पुस्तकाच्या एक लाखाहून अधिक प्रती प्रकाशनापूर्वीच विकल्या गेल्या. जॉर्ज एस. कॉफमन यांनी बसवलेले नाटक २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ब्रॉडवेवर आले. त्याचे २०७ प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा सर्वोत्कृष्ट नाटकाचा पुरस्कार त्याला मिळाला. लुईस माइलस्टोन यांचा चित्रपट १९३९ मध्ये, तर गॅरी सिनीस दिग्दर्शित चित्रपट १९९२ मध्ये आला. दुसऱ्यात सिनीस स्वतः जॉर्ज आणि जॉन माल्कोविच लेनी होते. कार्लाइल फ्लॉइड यांनी १९७० मध्ये या कथेवर ऑपेरा रचला.

आक्षेप आणि बंदी

पुस्तक जितके शिकवले गेले, तितकेच ते वादातही सापडले. शिवराळ भाषा, क्रुक्ससाठी पात्रांच्या तोंडी येणारा वर्णद्वेषी शब्द आणि दयामरणाचा विषय ही आक्षेपांची मुख्य कारणे. शाळा आणि ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या ‘अमेरिकन लायब्ररी असोसिएशन’च्या यादीत १९९० च्या दशकात ते सहाव्या, तर २००० ते २००९ या दशकात पाचव्या क्रमांकावर होते. २०२० मध्येही ते पहिल्या दहांत आले. इंग्लंडमध्ये २०१४ च्या फेररचनेत इतर अमेरिकी पुस्तकांबरोबर ते जीसीएसई परीक्षेच्या अभ्यासक्रमातून गेले.

कर्लीच्या पत्नीला पुस्तकभर नाव नाही, हा दुसरा आक्षेप. तिला केवळ मोह आणि संकट म्हणून पाहणारी नजर ही मजुरांची आहे, लेखकाची नव्हे, असे त्याचे उत्तर दिले जाते. ब्रॉडवेवर ही भूमिका करणाऱ्या क्लेअर ल्यूस यांना स्टाइनबेक यांनी सविस्तर पत्र लिहून ही मुलगी वाईट नसून अतिशय एकटी आणि प्रेमाला पारखी आहे, हे समजावले होते. तरीही ते पत्रात सांगावे लागले, हेही खरे.

लेनी न्यायालयात

या कादंबरिकेला मिळालेले सर्वांत विचित्र उत्तरायुष्य टेक्सासच्या न्यायालयातील आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या आरोपीला मृत्युदंड देणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. असे अपंगत्व कोणाचे मानायचे, हे ठरवताना टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २००४ मध्ये चक्क लेनीचा दाखला दिला. लेनीसारख्या माणसाला सूट मिळावी, हे राज्यातील बहुतेक नागरिक मान्य करतील, असा तो युक्तिवाद होता. त्या निकालातील निकषांचा आधार पुढील खटल्यांत घेतला जाऊ लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये मार्विन विल्सन यांना मृत्युदंड देण्यात आला. बुद्ध्यंक चाचणीत त्यांना ६१ गुण मिळाले होते. आपल्या वडिलांच्या पात्राचा असा वापर झाल्याबद्दल लेखकाचे पुत्र थॉमस स्टाइनबेक यांनी तीव्र निषेध नोंदवला. अखेर २०१७ मध्ये ‘मूर विरुद्ध टेक्सास’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निकष वैद्यकशास्त्राला सोडून असल्याचे सांगून नाकारले.

लोकांच्या मनातील ‘खरा मतिमंद’ कसा दिसतो, यावर माणसाचे जगणे-मरणे ठरवणे, हाच तो पूर्वग्रह. लेनीला समजून घेण्यासाठी लिहिलेले पुस्तक लेनीसारख्यांना मोजण्याचे माप बनले. साहित्यातील पात्राविषयी करुणा वाटणे सोपे असते. तीच करुणा त्या चौकटीत न बसणाऱ्या जिवंत माणसापर्यंत नेणे अवघड असते.

आजचे खोरे

१९३९ मध्ये स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही महाकादंबरी आली. तिला १९४० चे पुलित्झर मिळाले. १९६२ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले आणि २० डिसेंबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या सलिनासमधील अनेकांना त्यांचे लेखन एकेकाळी बदनामी वाटले, तेथेच १९९८ पासून त्यांच्या नावाचे राष्ट्रीय केंद्र उभे आहे. १९७० मध्ये याच खोऱ्यात भाजीच्या मळ्यांवरील मजुरांनी सीझर चावेझ यांच्या संघटनेच्या नेतृत्वाखाली मोठा संप केला आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा केला. १९३५ मध्ये नाकारलेली गोष्ट मिळायला चाळीस वर्षे जावी लागली आणि ती मिळाली ती माणसे एकत्र आल्यामुळे.

कादंबरिकेत असा संप नाही, संघटना नाही. आहे ती एका अंधाऱ्या खोलीत काही मिनिटे जमलेली तीन माणसे: एक हात नसलेला, एक पाठ मोडलेला, एक बुद्धी अपुरी असलेला. ती तिघे मिळून एका घराचा हिशेब मांडतात. दारातली एक धमकी त्यांना पुन्हा आपापल्या कोपऱ्यात ढकलते. स्टाइनबेक यांनी त्यांना जमीन मिळवून दिली नाही. पण तो हिशेब जवळजवळ जमला होता, हे त्यांनी वाचकाला विसरू दिलेले नाही.

दृष्टिक्षेपात

पुस्तक : ऑफ माइस अँड मेन
लेखक : जॉन स्टाइनबेक (१९०२-१९६८)
प्रकाशन : फेब्रुवारी १९३७
स्वरूप : कादंबरिका, सहा प्रकरणे
कथेचे स्थळ : सोलेदादजवळील रँच, सलिनास खोरे, कॅलिफोर्निया
प्रमुख पात्रे : जॉर्ज मिल्टन, लेनी स्मॉल, कँडी, क्रुक्स, स्लिम, कर्ली आणि त्याची पत्नी
रूपांतरे : नाटक (१९३७), चित्रपट (१९३९, १९९२), ऑपेरा (१९७०)